टर्बाइनला मराठीत काय म्हणायचं, आणि टर्बो गाडी ही टर्बाइनची गाडी का नाही

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीला शाळेत 'मोटारीसाठी टर्बाइन इंजिन : फायदे व तोटे' असा विषय मराठीत लिहायला दिलाय, तर टर्बाइनला मराठी शब्द कुठला घ्यायचा, 'वायू टर्बाइन' लिहिलं तर चालेल का, आणि त्यांच्या सोसायटीतल्या एवढ्या गाड्यांच्या मागे टर्बो लिहिलेलं असतं त्या सगळ्या टर्बाइनच्याच का. ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : नाही, एकही नाही. आणि तुर्भ्याचाही टर्बोशी काही संबंध नाही, हे पण सांगून ठेवतो कारण मी रोज ठाण्याहून तुर्भ्याला कामाला जातो आणि हा जोक महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मारतोच.

आता शब्द. लॅटिनमध्ये टर्बो म्हणजे गरगर फिरणारं काहीही, पोरांचा खेळायचा भोवरा असो, पाण्यातला भोवरा असो नाहीतर वावटळ. गंमत बघा, आपल्या भोवऱ्याचं पण सेम आहे, जाळी गुंडाळून फेकतो तो भोवरा, उल्हास नदीत पावसाळ्यात पडतो तो पण भोवरा, आणि बाळाच्या डोक्यावर केसांचा असतो तो पण भोवराच. आपला शब्द संस्कृत भ्रमरवरून आला, मुळात भ्रम् म्हणजे फिरणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता खेळणं आणि पाणी एकाच शब्दात बसवलं. १८२२ साली क्लोद ब्युर्दँ नावाच्या फ्रेंच इंजिनियरने पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चक्राला त्या लॅटिन शब्दावरून टर्बाइन हे नाव दिलं आणि त्याचाच विद्यार्थी फूर्नेरों याने १८२७ पर्यंत नीट चालणारं टर्बाइन करून पण दाखवलं. ब्युर्दँ कळव्यात जन्मला असता तर आज आपण 'वाफेचा भोवरा' म्हणत असतो.

पण म्हणून मुलीने निबंधात भोवरा लिहू नये. भोवऱ्याला आपण एकदा गती देतो आणि मग तो आपला आपला फिरतो, टर्बाइनला सतत कुणीतरी ढकलत राहावं लागतं, पाण्याने, वाऱ्याने, वाफेने नाहीतर जळलेल्या गरम वायूने. नाव भोवऱ्याचं असलं तरी काम जत्रेतल्या भिरभिऱ्याचं आहे. पवनचक्की हा शब्द छान रुळलाय, साताऱ्याकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या एक दाणाही दळत नाहीत तरी आपण चक्कीच म्हणतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच चालीवर 'वायूचक्की' केलीत तर परत पवनचक्कीच झाली ना! तीच अडचण तुमच्या 'वायू टर्बाइन'ची आहे, वायू म्हणजे वारा पण आणि वायू म्हणजे गॅस पण, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर लांब लांब पात्यांचा पंखाच येणार.

मग 'गॅस टर्बाइन' लिहायचं का? लिहायचं, पण एक वाक्य खुलाशाचं टाकून. कारण ठाण्यात 'गॅसची गाडी' म्हटलं की सीएनजी, दुसरा अर्थच नाही, रिक्षावाल्याला विचारा. गॅस टर्बाइनमधला गॅस म्हणजे इंधन नव्हे, तर इंधन जाळून जो तापलेला वायू पात्यांवर आदळतो तो. इंधन रॉकेल असेल, डिझेल असेल, काहीही. त्यात भर म्हणजे आपल्या शेजारी उरणला जे गॅस टर्बाइनचं वीज केंद्र आहे तिथे इंधन पण नैसर्गिक गॅसच आहे, म्हणजे गोंधळ व्हायला पूर्ण वाव.

लिंगाचं कुणी विचारलेलं नाही पण सांगतो, ते टर्बाइन, इंजिनसारखं. आणि तो टर्बो. गॅरेजमध्ये 'टर्बो गेला', 'टर्बो बसला' असंच ऐकाल, 'टर्बो गेलं' कुणी म्हणत नाही. 'टर्बाइनयुक्त मोटार' वगैरे नको, 'टर्बाइनची गाडी' बास.

हा टर्बो मी मागच्या पावसाळ्यात खारेगावला एका गॅरेजमध्ये हातात घेऊन बघितला, मित्राच्या डिझेल गाडीचा होता. गोगलगाईचे दोन शंख पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखं दिसतं, एक शंख बिडाचा, आतून काजळीने काळाकुट्ट, दुसरा ॲल्युमिनियमचा, त्यात ऑइल उतरलेलं, आणि मधून एक करंगळीपेक्षा बारीक दांडा. मेकॅनिकने दांडा दोन बोटात धरून हलवला आणि म्हणाला बघा, प्ले आलाय, म्हणजे ढिला झालाय. तर होतं काय, सायलेन्सरकडे चाललेला धूर काळ्या शंखातलं चक्र फिरवतो, ते खरं टर्बाइन, आणि त्याच दांड्यावरचं पलीकडचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. मिनिटाला लाखावर फेऱ्या होतात म्हणे त्या दांड्याच्या. पण गाडी ओढणारं इंजिन पिस्टनचंच, टर्बाइन नुसतं हवा भरायला ठेवलेलं. ही आयडिया स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट १९०५ चं. म्हणजे शब्दाचा प्रवास असा की लॅटिन टर्बोचं झालं टर्बाइन, टर्बाइनवरून बनला टर्बोचार्जर, आणि तो लोकांनी तोडून परत केला टर्बो. भोवरा फिरून जागेवर.

खरी टर्बाइनची गाडी म्हणजे जिच्यात पिस्टनच नाही. पहिली रोव्हर कंपनीची, १९५० ची, तिची नंबरप्लेटच 'जेट १' होती, आणि त्या नावानेच लोकांना वाटतं की मागून आग सोडत पळत असणार. तसं नाही, टर्बाइनचा दांडा गिअरमधून चाकंच फिरवतो, त्यामुळे हिला जेट म्हणणं चूकच. मग १९६३ पासून क्रायस्लर कंपनीने अमेरिकेत टर्बाइनच्या ५० गाड्या साध्या घरांमध्ये तीन तीन महिने फुकट वापरायला दिल्या, २०३ जणांनी मिळून दहा लाख मैलांच्या वर पळवल्या. लोक खूश होते. हलणारे पार्ट पिस्टनच्या इंजिनाच्या मानाने अगदी थोडे, थरथर नाही, रेडिएटर नाही, डिझेल रॉकेल काहीही पेटणारं ओता, मेक्सिकोत तर टकिला ओतून चालवून दाखवलेली. चालायचं नाही ते फक्त त्या काळचं शिसंवालं पेट्रोल, पात्यांवर थर धरायचं, आणि तिथल्या पंपावर तेव्हा नेमकं तेच मिळायचं, म्हणजे घ्या.

आता तोटे, आणि इथे परत तो भोवरा कामाला येतो. भोवरा जोरात फिरतो तोवर आरीवर ताठ उभा, हळू झाला की डगमगला. टर्बाइनचा स्वभाव तोच आहे. टर्बाइनच्या पुढे हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो आणि टर्बाइनने कमावलेल्या ताकदीतली अर्ध्याहून जास्त तोच खातो. पूर्ण लोडवर हे परवडतं, पण गाडी उभी असली तरी त्याला जोरात फिरवत ठेवावंच लागतं. क्रायस्लरची गाडी नुसती उभी असताना २० हजाराच्या आसपास आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, फुल दिली की ४४,५००. आता ही गाडी संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडला कापूरबावडीच्या सिग्नलला उभी आहे असं समजा, पुढे गायमुखपर्यंत डब्याला डबा, आणि ही बया जागेवर उभी राहून २० हजाराने इंधन पितेय. शिवाय एक्सलेटर दाबल्यावर चक्राला वेग धरायला सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात रिक्षा आत घुसलेली असते. आणि कसाऱ्याच्या उतारावर आपण गाडी सेकंडला टाकून इंजिनवर रोखतो ना, ते साध्या टर्बाइनमध्ये जमत नाही कारण कॉम्प्रेसर फिरवणारं चक्र वेगळं आणि चाकं फिरवणारं वेगळं, दोन्ही एकमेकांना जोडलेलीच नसतात, क्रायस्लरला त्यासाठी गरम वायूच्या झोताची दिशा फिरवणारी पाती वेगळी बसवावी लागली. पात्यांचा खर्च निराळाच, पिस्टनला आगीची झळ क्षणभर लागते, इथे पाती सतत भट्टीत, त्यामुळे महागाचे निकेलचे मिश्रधातू आले.

उरणला हेच टर्बाइन का शोभतं ते आता कळेल. ते एकदा वेगाला लागलं की तासन्‌तास एका चालीने फिरतं, सिग्नल नाही, स्पीडब्रेकर नाही. आणि बाहेर पडणारा गरम धूर पण तिथे वाया जात नाही, त्याच्यावर वाफ करून आणखी वीज काढतात, एकूण ६७२ मेगावॅट क्षमतेतले २४० त्या वाफेचे. क्रायस्लरने पण धुरातली उष्णता परत घ्यायला फिरत्या जाळ्या लावल्या होत्या, पण गाडीच्या बॉनेटखाली मावून मावून मावणार किती. २०१० ला जॅग्वारने, तेव्हा ती टाटांकडे आलेली होती, एका नमुना गाडीत दोन छोटी टर्बाइनं घातली ती चाकं फिरवायला नाही, वीज करायला, म्हणजे एका चालीने फिरायला. माझ्या मते अक्कल तिथे दिसते.

रेसमधला एक किस्सा मुलीला आवडेल. अमेरिकेतली १९६७ ची इंडियानापोलिसची रेस, २०० फेऱ्यांची, पार्नेली जोन्स टर्बाइनच्या गाडीत बहुतेक सगळा वेळ पुढे आणि शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. टर्बाइनला काही झालेलं नव्हतं! तरी पुढच्या वर्षी नियमवाल्यांनी टर्बाइनच्या हवेच्या तोंडाचं माप कमी करून टाकलं.

आणि हो, शीर्षकातला 'तोटे' राहू द्या, शिक्षकांनीच दिलाय. मी 'फायदे आणि अडचणी' लिहिलं असतं, कारण 'टर्बाइनचा तोटा' वाचून आमच्या आईला वाटलं बाजारात टर्बाइनं मिळेनाशी झाली.