आठ लाखांत मॉडिफाइड थार घ्यावी की एक्सपल्स?

कराडच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी आठ लाख आहेत, मोकळा वार फक्त रविवार. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी, रोजच्या वापराला हॅचबॅक आहेच. ओळखीतल्या एकाची 2016 ची महिंद्रा थार सीआरडीई (जुन्या पिढीची डिझेल थार) विकायला आहे. उंची वाढवणारं लिफ्ट किट, 33 इंची टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), लोखंडी बंपर, सगळं करून झालेलं. दुसरा पर्याय हीरोची नवी बाईक, एक्सपल्स 200 फोर व्ही. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायचंय, तर पैसे कशात घालावेत?

बाईक घ्या. आणि ही थार तर घेऊच नका.

मजा दोन्हीत भरपूर आहे, त्यावर वाद नाही. बघायचं ते एवढंच, की अडकल्यावर तुमच्यासोबत कोण असणार. तुम्ही रविवारी पहाटे एकटे निघणार. एक्सपल्स साधारण 160 किलोची. ओढ्यात आडवी झाली तर दम खात का होईना, एकट्याने उभी करता येते. नाहीच झाली तर शेतावरचं कुणीतरी हात लावतं आणि काम होतं. थार पावणेदोन टनांच्या आसपास, त्यात बंपर आणि विंचचं वजन वेगळं. ती एकदा चिखलात पोटावर बसली की चार माणसांच्या धक्क्याने जागची हलत नाही. विंच आहे म्हणाल, पण तिचा दोर बांधायला समोर काहीतरी भक्कम लागतं, आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या खडकाळ पठारावर, झाड कुठलं? म्हणून या छंदातली जुनी मंडळी एकटी गाडी कधीच आत घालत नाहीत. मागे दुसरी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी), तिच्यात ओढायचा पट्टा आणि तो अडकवायच्या कड्या, म्हणजे शॅकल, असतातच. तुमच्या ओळखीत रविवारी सोबत निघणारी अशी दुसरी गाडी आहे का? नसेल, तर निम्मा निर्णय तिथेच झाला.

आता त्या थारबद्दल. मॉडिफाइड गाडी घेताना आपण दुसऱ्याच्या गॅरेजमधलं काम विकत घेतो, आणि ते कसं केलंय हे वरून दिसत नाही. सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचं, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचं, इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. स्वस्तात उंची वाढवायची तर बरेच जण ते बार नुसते आवळतात. गाडी पुढून उचलली जाते, पण चाकांना ताकद नेणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या टोकाच्या सांध्यांवर (सीव्ही जॉइंट) कायमचा ताण येतो आणि खाली जाण्याची चाल संपल्यामुळे खड्ड्यात चाक हवेत राहतं. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच कमी होतं.

टायरचं गणित तर घरबसल्या करता येतं. कंपनीचा टायर 235/70 आर 16, म्हणजे व्यास सुमारे 735 मिमी. 33 इंच म्हणजे 838. चाक 14 टक्के मोठं झालं. स्पीडोमीटरचा काटा नव्या टायरप्रमाणे कॅलिब्रेट केला नसेल, तर तो 60 दाखवतो तेव्हा गाडी 68 ने धावत असते. गिअरिंग तेवढंच उंच होतं, त्यामुळे घाटात इंजिन दमतं. ब्रेक मात्र कंपनीचेच राहतात. कुंभार्ली घाटातून भर पावसात बायको-मुलीला घेऊन उतरायचं असेल, तर हा मुद्दा माझ्या लेखी सगळ्यात वरचा आहे.

शिवाय कायदा. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही; जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एकवेळ दंड भरून सुटाल. पण विमा कंपनीला न कळवलेले बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेस आले की क्लेम अडकतो.

तरीही जीव त्या थारवरच असेल, तर गाडी धुवायच्या आधी बघायला जा. मॅट उचला आणि खालचं कार्पेट हाताने चाचपा. पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो. मागच्या डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा) फिलर बोल्ट खोलून बोट घाला. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. पुढच्या सीव्ही बूटला, म्हणजे त्या सांध्यावरच्या रबरी आवरणाला, चिरा आहेत का बघा, आतलं ग्रीस आजूबाजूला उडालेलं असतं. स्टिअरिंगच्या जोडणीपाशी आणि मागच्या स्प्रिंग-पाट्या टांगलेल्या असतात तिथे चासीला नवी वेल्डिंग दिसली तर तिथूनच परत फिरा. फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर, म्हणजेच लो रेंज) टाकून गाडी थोडी पुढे-मागे घ्या. विकणारा ‘त्याची काय गरज’ म्हणाला, तर गरज आहेच.

बाईकची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाडी आपटली की पार्ट तुटतो, बाईक आपटली की आपण तुटतो. पाय टेकवायची सवय असते आणि घोटा बाईकखाली येतो, किंवा दगडात अडकून पिळतो. म्हणून हेल्मेटनंतर पहिला खर्च बुटांवर: नडगीपर्यंत येणारे, कडक तळाचे, खास ऑफ-रोडचे. मग गुडघ्याची गार्ड, छाती-पाठीचं प्रोटेक्टर, गॉगल. या सगळ्याला बाईकच्या किमतीच्या पाव हिस्सा तरी बाजूला काढा. सायलेन्सर आणि स्टिकरवर एक रुपया घालू नका.

उरलेल्या पैशांतून शिकून घ्या. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याने कर्नाटकात कोलारजवळ बिग रॉक डर्ट पार्क उभारलंय. तिथलं प्राथमिक प्रशिक्षण प्रवासखर्चासकट परवडतं. फूटपेगवर उभं राहून चालवणं, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवणं, उतारावर क्लच न दाबणं, या गोष्टी सुधारायला समोर कुणीतरी लागतं. तांबड्या जांभ्याच्या निसरड्यावर थ्रॉटल किती द्यायचा आणि काळ्या रेगडीत तो सोडायचा का नाही, हे मात्र आपल्याकडेच कळेल.

एक्सपल्सला ट्यूबवाले टायर आहेत. हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण फार उतरवली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. सोबत 21 इंची ट्यूब ठेवा. अडीनडीला ती मागच्या 18 इंचातही बसते, उलटं जमत नाही.

एका बाबतीत गल्लत नको. कावासाकीच्या केएक्स किंवा केएलएक्स 140 या खऱ्या डर्ट बाईक. त्यांची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणीच होत नाही, ट्रॅकपर्यंत पिकअपमध्ये टाकून न्याव्या लागतात. तुम्हाला कराडहून चालवत जायचंय, म्हणजे नंबर प्लेटवालीच हवी. केएलएक्स 230 रस्त्यावर चालते आणि वजनाने हलकी आहे, पण एक्सपल्सचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. पहिल्या वर्षी लिव्हर आणि फूटपेग वाकणारच, म्हणून मी एक्सपल्सच सुचवेन.

कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, तिथे जंगलात चाक घालायचं नाही. चाळकेवाडीकडे पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते सोडून सड्यावर उतरू नका. जांभ्यावर मातीचा थर काही बोटांचाच असतो, ऑगस्ट-सप्टेंबरातली सगळी फुलं त्यावर उगवतात, आणि टायरने तो खरवडला की पुढच्या पावसात वाहून जातो. गावची पाणंद, धरणाचे सर्व्हिस रोड, ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान एवढ्यात शिकण्यापुरतं सगळं मिळतं. बांधावरून जायच्या आधी विचारा, बहुतेक लोक हो म्हणतात.

मुलीला मागे बसवून कच्च्यात नेऊ नका, ठोसेघरला हॅचबॅक व्यवस्थित जाते. पुढे बजेट वाढलं आणि तिघांनी मिळून भटकायचं ठरलं, तर जिमनी किंवा नवी फोर बाय फोर थार घ्या, पण कंपनीने दिली तशी. लो रेंज आणि चांगले ऑल-टेरेन टायर एवढ्यावर आपल्याकडच्या बहुतेक वाटा होतात.

तुमची उंची लिहिलेली नाही, ती कळवा. साध्या फोर व्हीची सीट 825 मिमीवर आहे, तिच्याच प्रो या उंच आवृत्तीची 891 वर. साडेपाच फुटांच्या आत असाल तर प्रो बघूसुद्धा नका. शोरूममध्ये जाल तेव्हा जाड तळाचे बूट घालून बसा आणि दोन्ही पायांचे चवडे टेकतात का ते सांगा, मग हँडलबार रायझर (हँडल थोडं वर उचलणारा तुकडा) लागेल का ते ठरवू.