दोन चेंडू आणि तीन उत्तरे

पिशवीत ५ लाल, ४ निळे आणि ३ हिरवे असे १२ चेंडू आहेत. न पाहता त्यांतून दोन काढले, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती, या प्रश्नाची आपण १/६, २५/१४४ आणि ५/३३ अशी तीन उत्तरे काढली आहेत आणि त्यांतले कोणते खरे, असे विचारले आहे. उत्तर ५/३३ आहे. मात्र १/६ का चुकते, हे समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रंगांच्या जोड्या सहाच प्रकारच्या होतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु त्या सहाही प्रकारांना सारखीच संधी असते, हे गृहीतक बरोबर नाही. अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे, हा नियम सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालतो. म्हणून चेंडूंना मनातल्या मनात १ ते १२ क्रमांक द्यावेत, म्हणजे एकाच रंगाचे चेंडूही वेगळे मोजले जातात. अशा जोड्या १२ × ११ ÷ २, म्हणजे ६६ होतात आणि त्या खरोखर समसंभाव्य असतात. त्यांत दोन्ही लाल असलेल्या १० आहेत, दोन्ही हिरव्या असलेल्या केवळ ३, तर एक लाल व एक निळा अशा तब्बल २०. (या चुकीबद्दल संकोच नसावा. १७५४ मध्ये दालांबेर या थोर फ्रेंच गणितज्ञाने नाणे दोनदा उडवल्यास निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ असल्याचे लिहिले होते. पहिल्याच वेळी छापा पडला की दुसऱ्यांदा नाणे उडवायचे कारण उरत नाही, म्हणून त्याने तीनच निष्पत्ती धरल्या आणि तिन्ही समान मानल्या. खरे उत्तर ३/४ आहे.)

२५/१४४ हे उत्तर चुकीचे नसून दुसऱ्याच प्रश्नाचे आहे: पहिला चेंडू पाहून पिशवीत परत टाकला, तर ते लागू पडेल. परत न टाकल्यास ११ चेंडू उरतात व त्यांत लाल ४, म्हणून ५/१२ × ४/११ = ५/३३.

एक लाल व एक निळा यासाठी आपण ५/१२ × ४/११ एवढेच घेतले आहे. त्यात ‘आधी लाल, मग निळा’ हाच क्रम येतो. उलट क्रमाचेही तेवढेच मिळवले की १०/३३ मिळतात, आणि ६६ पैकी २० जोड्या मोजूनही तेच येते. ‘निदान एक लाल’ असे विचारले असेल, तर मी नेहमी उलट बाजूने जातो: एकही लाल नसण्याची संभाव्यता ७/१२ × ६/११ = ७/२२, म्हणून उत्तर १५/२२. येथे ५/१२ दोनदा मिळवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे दोन्ही लाल असलेल्या जोड्या दोनदा मोजल्या जातात.

पहिला चेंडू न पाहताच बाजूला ठेवला, तर दुसरा लाल असण्याची संभाव्यता ४/११ की ५/११, ही आपली शेवटची शंका. दोन्ही नाही. पहिला लाल असल्यास ५/१२ × ४/११ आणि तो लाल नसल्यास ७/१२ × ५/११, या दोहोंची बेरीज ५५/१३२, म्हणजे पुन्हा ५/१२ च येते. चेंडू पिशवीतून बाहेर आला, तरी त्याचा रंग कळेपर्यंत आपल्या माहितीत कोणतीच भर पडलेली नसते.