अर्धीच फिर्याद लिहून घेतली की ‘एनसी’ होते

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठच्या गावात राहते. ग्रामसभेत वाळू उपशाबद्दल दोनदा विचारणा केली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून ‘उचलून नेऊ, नदीत सापडशील’ असे मेसेज येतात. माझ्या नावाने फेसबुकवर खोटं खातं काढून माझा चेहरा दुसऱ्याच घाणेरड्या फोटोंवर जोडलाय. रात्री नंबरप्लेट नसलेली मोटरसायकल दारासमोर थांबते. पोलिसांनी एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती दिली आणि ‘फोटोंचं सायबरला जाऊन बघा’ म्हणाले. माझं रक्षण करणं ही सरकारची जबाबदारी नाही का?

उत्तर :

ताई, आहे. आणि ती कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेला जगण्याचा हक्क फक्त सरकारी दंडेलीपासूनच वाचवतो, असं पूर्वी अनेकांना वाटायचं. कौशल किशोर खटल्यात ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की धोका खासगी माणसाकडून असला तरी नागरिकाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. वाळूवाले सरकारी नोकर नाहीत म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या पावतीचा फोटो मी नीट वाचला. त्यात ‘अनोळखी इसमाने फोनवर धमकी दिली’ एवढी एकच ओळ आहे. खोटं खातं नाही, फोटो नाहीत, मोटरसायकल नाही. तुमचं सगळं प्रकरण इथेच अडकलंय. धमकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येतो. जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा असली, तरी केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात तो अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेवढंच लिहून घेतलं की एनसी होणारच.

पण तुमच्या चेहऱ्याचे अश्लील फोटो पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ चा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या ७७ब नुसार तो दखलपात्र आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, न्याय संहितेचं कलम ७९, तोही दखलपात्र. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(४) बघा : एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे धमकीचाही तपास त्याच एफआयआरमध्ये होतो. ठाणे अंमलदारासमोर हे कलम आकड्यानिशी सांगा.

‘सायबरला जा’ हे उत्तर चुकीचं आहे. गुन्हा तुमच्याच ठाण्यात नोंदवता येतो. फक्त आयटी कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. कलम ७९ ची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते, आणि ती नोंदवायला नकार देणं हा न्याय संहितेच्या कलम १९९ खाली त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो, किमान सहा महिने सक्तमजुरीचा. हे धमकावण्यासाठी वापरू नका. अर्जात शांतपणे एक वाक्य लिहा, पुरे होतं.

तरीही नोंद झाली नाही, तर फिर्याद पोस्टाने ग्रामीण पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही हललं नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज करायचा. वकिलाची फी परवडेल का, ही काळजी तुमच्या पत्रात दोनदा आलीय. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

पुराव्याचं आधी करा, बाकी मागाहून. भाऊ म्हणाला म्हणून तुम्ही काही मेसेज पुसलेत. आता एकही पुसू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मूळ फोन हाताशी हवा. खोट्या खात्याच्या नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, त्याची पूर्ण लिंक उतरवून ठेवा. हे झालं की मगच फेसबुककडे तक्रार करा. असे फोटो जास्तीत जास्त दोन तासांत काढणं कंपनीवर बंधनकारक आहे. उलटं केलंत तर फोटो जातील आणि सोबत पुरावाही जाईल. समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात मोटरसायकल दिसत असेल, तर दुकानदाराकडून आजच कॉपी घ्या. जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

संरक्षणासाठी अधीक्षकांकडे वेगळा अर्ज करा : घराभोवती रात्रीची गस्त, धोक्याचं मूल्यमापन, आणि संशयितांची नावं माहीत असतील तर सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केस. त्यात शांतता राखण्याचं एक वर्षापर्यंतचं बंधपत्र घेतलं जातं. गावात हा उपाय बऱ्याचदा एफआयआरपेक्षा लवकर लागू पडतो, असा माझा अनुभव आहे. अर्जावर काहीच झालं नाही, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहेच. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

‘एवढं करायची खरंच गरज आहे का?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन घोटाळे बाहेर काढत होते. जिवाला धोका असल्याचं त्यांनी पोलिसांना आधीच कळवलं होतं. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी ते फिरायला निघाले आणि त्यांचा खून झाला. वाळूच्या पैशांपायी काय होऊ शकतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून हो, गरज आहे, आणि याच आठवड्यात.

ठाण्यात एकटीने जाऊ नका; आई किंवा ग्रामसभेतल्या दोघी-तिघी सोबत असू द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. रात्री ती मोटरसायकल थांबली, तर दार न उघडता ११२ लावा आणि फोन केल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा, पुढचा अर्ज मी तपासून देतो.