पावसाआधी बुंध्याशी बसून बघा

दादा, सोसायटीच्या झाडांची जबाबदारी घेतलीत, फार बरं वाटलं. आधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी उकिडवं बसा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट सालीला टेकलं असेल तर चारी बाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी करून घ्या. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही, तर वरून कितीही खत घाला, उपयोग नाही. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा. फक्त खोडाला चिकटू देऊ नका, तिथे ओल धरून साल कुजते.

आमच्या आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसायचा. मला वाटलं, मुंग्यांचं काम असेल. तो खोडकिडा होता, म्हणजे खोड आतून पोखरणारी अळी. दोन वर्षांत एक मोठी फांदी वाळली, अजून हळहळ वाटते. तुम्हाला भोक दिसलं तर त्याच दिवशी तार घालून अळी काढा.

मेअखेरीस खोडाला अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र करा, आणि बादली प्लॅस्टिकचीच घ्या, लोखंडी नको.

छाटणीला हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढा. खोडातले खिळे आणि आवळलेल्या तारा मात्र आजच सोडवा.