वाचक विचारतात : शब्द जुळले, मग नातं जुळलं का?

प्रश्न : आमच्याकडे मराठी, कन्नड, कोंकणी तिन्ही कानावर पडतात. तिन्हींचे शंभर-शंभर शब्द एक्सेलमध्ये मांडून संगणकाकडून ताडून घेतले. 'रात्र' आणि कन्नड 'रात्रि' जवळपास एकच निघाले. मराठी-कन्नडचं मूळ एक मानायचं का?
– एक शिक्षिका, खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : नाही. संगणकाने मोजलं ते नुसतं साम्य. एका शब्दाचा दुसरा करायला किती ध्वनी बदलावे, घालावे किंवा गाळावे लागतात ते मोजून तो दोघांतल्या लांब शब्दाच्या ध्वनिसंख्येने भागतो. हेच त्या शब्दांमधलं 'अंतर'. रात्र–रात्रि : पाचांतला शेवटचा स्वर वेगळा, अंतर ०.२.

आता दूध घ्या. तमिळ 'पाल्', कन्नड 'हालु'. प चा ह झाला, शेवटी उ वाढला. चारांत दोन फरक, अंतर ०.५. म्हणजे आकड्यानुसार रात्र-रात्रि जास्त जवळचे! पण 'रात्रि' कन्नडने संस्कृतातून घेतलेला. तिचा घरचा शब्द 'इरुळु'. तमिळ-कन्नड मात्र खऱ्या बहिणी. दात : पल्–हल्लु. वाघ : पुलि–हुलि. तमिळात आरंभी प, तिथे कन्नडात ह, आणि हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात, तिथे प च होता. नात्याचा पुरावा हा नेमाने होणारा बदल आहे, आणि साध्या अंतरात तो हरवतो.

म्हणून यादीत उसन्या शब्दांसाठी वेगळा रकाना ठेवाच. तत्सम शब्दाऐवजी घरात बोलला जाणारा शब्द भरा. हात–कै, दोन–एरडु, पाणी–नीरु अशा जोड्या आल्या की मराठी-कन्नड लगेच दूर जातात. कोंकणीत मात्र 'हात' आणि 'दोन' तसेच राहतात.

देवनागरी थेट देऊ नका. 'घर'मध्ये ध्वनी तीन, पण संगणकाला चिन्हं दिसतात दोनच. जोडाक्षरातला हलन्तही तो वेगळा मोजतो. त्यामुळे रात्र–रात्रिचं अंतर एक पंचमांशाऐवजी एक षष्ठांश येतं. आधी एका ध्वनीला एक खूण असं लिप्यंतर करा.

पायथॉन ही संगणकभाषा येत असेल तर तिच्यासाठीच्या 'लिंगपाय' या भाषातुलनेच्या साधनातली लेक्सस्टॅट पद्धत वापरा. प–ह सारख्या वारंवार येणाऱ्या जोड्या ती स्वतः हेरते. मात्र तिला शंभर शब्द तोकडे पडतात, दोनशे तरी हवेत. आणि उसना शब्द तिलाही आपोआप ओळखता येत नाही.

शब्दांबरोबर वाक्यंही टिपा. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींवर गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली लिहिलं, तेव्हा तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूचे शब्द वेगवेगळेच होते, पण वाक्यरचना एकमेकींच्या अगदी जवळ आली होती. सीमाभागातली ही देवघेव शब्दयादीत सापडणार नाही.