धाकट्या केनेडींचा विमान अपघात: इंजिन चालू असताना विमान कसे पडते?

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, धाकटे जॉन एफ. केनेडी, यांच्या अपघाताबद्दल आपण विचारले आहे की, वादळ नव्हते आणि इंजिनही बंद पडले नव्हते, तर धडधाकट विमान समुद्रात कसे कोसळले, आणि ते कलंडत असल्याचे वैमानिकाला शरीराने कसे कळले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातच आहे.

१६ जुलै १९९९ रोजी रात्री ८.३८ वाजता केनेडी न्यू जर्सीतील एसेक्स काउंटी विमानतळावरून पायपर साराटोगा या एक इंजिनाच्या विमानाने निघाले. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन बेसेट होत्या. लॉरेन यांना मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून पुढे हायानिसला घरच्या लग्नाला पोहोचायचे होते. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यालगत ५,५०० फुटांवरून विमान व्यवस्थित गेले; पुढे किनारा सोडून सुमारे तीस मैलांचे उघडे पाणी त्यांनी थेट ओलांडायला घेतले आणि दिवे मागे पडले.

हवा धूसर होती, चंद्राची कोर मावळतीला टेकत आलेली होती, आणि खाली काळे पाणी. त्याच रात्री त्या भागातून गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाने तपासात सांगितले की, क्षितिज दिसतच नव्हते आणि बेटावरची वीज गेली असावी असे त्याला वाटले होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही रात्र उपकरणांऐवजी बाहेर पाहून, नजरेने उड्डाण करण्यास योग्य होती, आणि हा नियमातला दोष मला वैमानिकाच्या चुकीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

क्षितिज नसले की तोल सांभाळण्याचे काम अंतर्कर्णाकडे जाते, आणि तो या कामासाठी बनलेलाच नाही. फुगडी थांबल्यावर उभ्या जागी अंगण फिरते, ते कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव फिरत राहिल्यामुळे. विमानात उलटेही घडते: वळण संथ आणि सलग असेल तर काही सेकंदांत द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळणाची जाणीवच मावळते. कलंडलेल्या विमानाची उचल, म्हणजे त्याला हवेत धरून ठेवणारे बल, पंखांबरोबर कलते, म्हणून उंची घटू लागते. पंख समपातळीत आहेत अशा समजुतीने वैमानिक नाक वर खेचतो, पण कलंडलेल्या स्थितीत त्यामुळे उंची मिळत नाही, वळण आवळते आणि विमान चक्राकार खाली जाते. कोणी उपकरणे पाहून पंख सरळ केलेच, तर शरीर ओरडून सांगते की आता आपण दुसऱ्या बाजूला कललो.

रडारवर नेमके हेच उमटले आहे. विमान सुमारे २,२०० फुटांवर उतरले, वळले, २,६०० पर्यंत चढले, पुन्हा वळले, आणि अखेरच्या उजव्या वळणात मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली गेले. ९.४१ च्या सुमारास ते बेटाच्या नैर्ऋत्येला पाण्यात पडले. जुलै २००० मधील अमेरिकी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात स्थितिभ्रमामुळे, म्हणजे विमान कसे कलले आहे हे शरीराला न कळल्यामुळे, ताबा सुटणे हे कारण दिले आहे, आणि धूसर हवा व काळोखी रात्र यांना साहाय्यक घटक म्हटले आहे. अवशेषांत अपघातापूर्वीच्या यांत्रिक बिघाडाची खूण मिळाली नाही.

आता अनुभवाविषयी. केनेडी यांचे एकूण उड्डाण सुमारे ३१० तासांचे होते, त्यामुळे त्यांना अगदीच नवखे म्हणता येत नाही. पण या विमानात प्रशिक्षकाशिवाय ते जेमतेम तीन तास उडाले होते, आणि त्यांतला तासाहूनही कमी वेळ रात्रीचा होता. केवळ उपकरणांवर उडण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. त्याचे प्रशिक्षण अर्धवट झाले होते. त्या दिवशी एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती, तेव्हा केनेडी यांनी आपण एकट्यानेच जाणार असल्याचे सांगितले. विमानात ऑटोपायलट, म्हणजे बटण दाबताच विमान आपोआप सांभाळणारी यंत्रणा, होता, हे वाचून अनेकांना हळहळ वाटते; परंतु आपण सरळ चाललो आहोत अशी ज्याच्या शरीराची खात्री पटली आहे, त्याचा हात त्या बटणाकडे वेळेत जातोच असे नाही.