स्पिरिटचा बोळा बाजूला ठेव

प्रिय डॉक्टरबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अपघात झालेल्या वऱ्हाडाच्या जीपमधली ती दोन लेकरं तू टेबलावर घेतलीस आणि दारू प्यायलेला चालक व्हरांड्यातल्या बाकावर घोरत पडला होता, हे वाचून माझीही झोप उडाली. अशांना जन्मठेपच पाहिजे, असं तू लिहिलंस. संताप खरा आहे तुझा. तरी बीड-लातूरकडच्या ग्रामीण रुग्णालयांत तीस वर्षं काढल्यावर मला ते पटत नाही, आणि का ते तुला सांगायलाच हवं. उद्या रात्रपाळीला त्या खुर्चीत तूच बसणार आहेस.

शिक्षा वाढवून झालेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांपर्यंत गेला. सहा महिन्यांपर्यंतची कैद तर आधीपासूनच होती. पण धाब्यावरून उठणारा माणूस हा हिशेब करत नाही. अंबाजोगाईपर्यंत कुणी अडवणार आहे का, एवढंच तो बघतो. आजवर कुणी अडवलेलं नसतं.

ब्रिटनमध्ये १९६७ साली श्वासचाचणीचा कायदा आला तेव्हा रस्त्यावरचे मृत्यू खरोखर घटले. मग लोकांच्या लक्षात आलं की प्रत्यक्षात क्वचितच कुणी अडवतं, आणि धाक ओसरला. कायदा तोच, शिक्षाही तीच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून संशय असो-नसो, गाड्या थांबवून चालकांना फुंकायला लावलं आणि त्यात खंड पडू दिला नाही. तिथला फरक टिकला. माणूस घाबरतो तो सापडण्याला.

आपल्याकडे सापडलेला माणूसही सुटतो, आणि बऱ्याचदा आपल्याच टेबलावरून सुटतो. म्हणून हे पत्र.

नुसतं ‘तोंडाला दारूचा वास’ लिहून भागत नाही. कायदा आकडा मागतो: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावं लागतं. शिवाय रक्तातली दारू तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरत जाते. म्हणजे ६० मिलिग्रॅमवर असलेला माणूस दोन तास बाकावर बसवून ठेवला की काठावर येतो. ‘आधी दुसरे पेशंट बघते’ म्हणण्याची किंमत ही. जखमी आधी, यात वाद नाही. पण त्यानंतर लगेच तो.

आणि सिस्टरला आधीच सांगून ठेव: रक्त घेताना स्पिरिटचा बोळा नको. स्पिरिटमध्येही अल्कोहोलच असतं, मग नमुन्यावर शंका घेता येते. साबण-पाण्याने किंवा सलाइनने कातडी पूस. सोडियम फ्लोराइडची, म्हणजे नमुना टिकवणारी नळी वापर, वेळ स्वतःच्या हाताने लिही, सील तुझ्यासमोर लागू दे, जमादाराची सही घे.

हे मी शिकलो ते एका पोराच्या जिवावर. सिस्टरने सवयीने स्पिरिट लावलं, मी बघितलं नाही, सही करून मोकळा झालो. कोर्टात आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, “हात कशाने पुसला होता?” मला खोटं बोलता येईना. आरोपी सुटला. मेलेल्या पोराचे वडील मागच्या बाकावर टोपी हातात धरून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “सायेब, कापसाच्या बोळ्यानं सुटला म्हणायचं का त्यो?” मी खाली बघितलं. आजही त्या गावाचा फाटा आला की नजर वळते.

तुला फोन येतील. ‘गावातलंच लेकरू हाय, वास नाही असं लिहा की.’ शिक्षा जेवढी मोठी, तेवढी ही धडपड मोठी. जन्मठेप ठेवलीस तर तुझ्या दारात अख्खं गाव येईल, आणि साक्षीदारही मागे सरतील. फोन करणाऱ्याला शांतपणे सांग की नमुना घेऊन सील झालाय. मग खरंच तसं झालेलं असू दे. मी एकदा सोयऱ्यालाही हेच सांगितलं. दोन वर्षं आमच्या घरी कुणी जेवायला आलं नाही. माझ्या बायकोने ते माझ्यापेक्षा जास्त सोसलं.

पोलिसांनी रोज नाकाबंदी लावावी, हे तुझ्या-माझ्या हातात नाही. नळी आपल्या हातात आहे.

जीपच्या चालकाचं रक्त कधी घेतलंस, ते तू लिहिलेलं नाहीस. नोंदवही काढून वेळ बघ आणि मला फोन कर. मी जागाच असतो.

तुझा,
सर